पलीकडचं मशीन

मी बहिरी आहे, मुकी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पहिल्या गोष्टीची लोकांना कीव येते आणि दुसरीचा वैताग. लहानपणी एका आजारपणात कान गेले. तोवर बोलायला शिकले होते, आणि एकदा शिकलेलं मी काही सोडत नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात, "हिच्या कानांचा वाटासुद्धा जिभेनंच खाल्ला." त्या म्हणतात म्हणजे त्यांचे ओठ म्हणतात आणि मी वाचते. दिवसभर समोरच बसलेल्या असतात, न वाचून सांगते कुणाला!

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. आधी दीर गेले, मग माझा नवरा गेला, लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि घरात आम्ही दोघी जावा उरलो. शेजाऱ्यांना वाटलं होतं, आता वाटण्या होणार, मधे भिंत उभी राहणार. भिंत कसली! आमच्या मधे एक टेबल आहे, बस.

समोरच्या खोलीत आमचं शिलाईचं काम चालतं. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, दवाखान्यातले गाऊन. टेबल दिरांनी केलेलं. ते सुतार होते, आणि त्यांना जोड दिलेलं लाकूड आवडायचं नाही, म्हणून एकच लांबलचक जाड फळी. खिडकीच्या बाजूला जाऊबाई, दाराच्या बाजूला मी, समोरासमोर. दोघींची मोटर लावलेली मशिनं त्याच फळीवर.

आता जरा नीट ऐका. तुम्हाला ऐकू येतं ना, मग वापरा.

माझं एकटीचं मशीन चालू असलं की फळी तळव्याखाली सारखी थरथरते, एका चालीत. जाऊबाईंचं एकटीचं चालू असलं तरी तेच, फक्त जरा जाड. पण दोन्ही एकदम चालली की तिसरंच काहीतरी होतं. थरथर भरत येते, भरत येते, हात उचलला जाईल की काय इतकी भरते, आणि मग हळूहळू सपाट होते, जसं काही कुणी शिवतच नाहीये. मग पुन्हा भरायला लागते. हे ना माझ्या मशीनमध्ये आहे, ना त्यांच्या. दोन्ही मिसळली की होतं. मी त्याला हेलकावा म्हणते.

नवी नवरी होते तेव्हा पहिल्यांदा हाताला हे लागलं आणि मी किंचाळून उभी राहिले. जाऊबाईंना वाटलं पाल पडली. त्या झाडू घेऊन टेबलाखाली शिरल्या. शेवटी दिरांनी मला अंगणात नेलं, आपल्या बायकोला माझ्या शेजारी उभं केलं आणि दोघींना म्हणाले, चाला. चाललो. मी भराभर चालणारी, जाऊबाई ठाय ठाय. कधी दोघींची पावलं बरोबर पडायची, कधी एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, मग पुन्हा बरोबर. दीर बोटं दाखवत म्हणाले, "जुळली की जोर वाढतो, चुकली की एकमेकीचा जोर खातात. मशिनांचं तसंच आहे. तुमची चाल जितकी जवळजवळ, तितका हेलकावा लांब. जितकी वेगळी, तितका तो घाईचा." फार शहाणा माणूस. लाकूड आणि बायका दोन्ही समजायच्या त्यांना.

तेव्हापासून जाऊबाईंचं मन मला टेबलातून कळतं. रागात असल्या की पायडल दाबून धरतात आणि हेलकावे धापा टाकल्यासारखे येतात. थकल्या की त्यांचं मशीन मागे पडतं आणि फळी वेगळीच चुळबुळते. आणि सगळं बरं असलं, दुपारी दोघीही एकेका लांब पडद्याची कड मारत बसलो की हेलकावा इतका लांब होतो की मी त्यावर डोळे मिटून बसू शकते. "काय झालं, कुणावर चिडलात?" असं मी मान वर न करता विचारलं की त्या टेबलाला चापट मारायच्या. "मेलं चहाडखोर!" एकदा मुद्दाम गोड चालीत शिवून मला फसवायला बघितलं त्यांनी. राग पोटात आणि पायडल मधाचं. मी म्हटलं, "नाटकं पुरे, सांगा काय झालं ते." मग सांगितलं.

तर हे आमचं असं बरं चाललं होतं.

मला शुगर आहे. तपासणीला गेले तर या वेळी नवी डॉक्टरीण होती, तरणीताठी, केस बांधलेली. तिनं एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी काढलं, स्वतःच्या तळव्यावर आपटलं आणि त्याचा दांडा माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. म्हणाली, "थरथरायचं थांबलं की सांगा." मी म्हटलं, "आधी सुरू तर होऊ दे." ती हसली नाही. पुन्हा आपटलं, पुन्हा टेकवलं. उजव्या अंगठ्याला कळलं, डाव्याला काही नाही. नुसतं गार लोखंड. मग हाताच्या बोटांवर टेकवलं, तिथं छान कळलं. ती म्हणाली, "पायाच्या नसा जरा थकल्यात. हातांचं अजून ठीक आहे." 'अजून' हा शब्द ओठांवर फार स्पष्ट दिसतो. न दिसता तर बरं झालं असतं.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, पायांना जपायला सांगितलंय, चपला घालून हिंडायचं. 'अजून'चं काही बोलले नाही. त्यांना आधीच झोप कमी.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, टेबल मेलं.

एका हॉटेलाचे पडदे होते. मी माझं मशीन सुरू केलं. समोर जाऊबाईंच्या हातून कापड पुढे सरकताना दिसत होतं, म्हणजे त्यांचंही चालू होतं. मी डावा हात फळीवर टेकवला. माझं मशीन कळत होतं. एकटं. हेलकावा नाही. मी तळवा दाबून पाहिला, बोटांची टोकं टेकवून पाहिली, मनगट टेकवलं. एकच सरळ थरथर, जशी मी खोलीत एकटीच बसलेय.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, मी तशी घाबरट नाही. चोर आला तर चोराला घाबरवीन. पण हात म्हणजे माझं सगळं आहे हो. दारावर थाप पडली की चौकट हाताला सांगते. मागून कोण येतंय ते जमीन सांगते, आणि जमिनीचं डाव्या पायानं आता बंद केलेलं. लेकीला बाळ झालं तेव्हा त्याला छातीशी धरून मी त्याचं रडणं ऐकलं ते याच हातांनी, पाठीवर तळवा ठेवून. कान गेले तेव्हा मी पोर होते, रडले आणि विसरले. आता या वयात हात गेले तर मी कुठं राहणार? माझ्याच कातडीच्या आत, एकटी, दार लावून.

मनात मी हिशेब मांडला की हे असंच सुरू होत असणार. आधी बारीक कळणं जातं, दोन गोष्टी एकत्र आल्या तर वेगळ्या कळत नाहीत. मग एकही कळत नाही. पायाचं तसंच झालं असेल, फक्त पायाकडे लक्ष कोण देतो.

मग माझे गुपचूप उद्योग सुरू झाले. फ्रिजला हात लावून पाहिला. कळला. पण फ्रिज काय, म्हशीएवढं धूड, ते दगडालाही कळेल. पाण्याच्या पंपाच्या पाइपला हात लावला. कळला. मग ओट्यावर मिक्सर लावला, शेजारी टेबलपंखा ठेवला, दोन्ही सुरू केले आणि ओट्यावर तळवे टेकवून उभी राहिले. काहीतरी भरल्यासारखं वाटलं. पण ते कळलं, की कळावंसं वाटलं? तेवढ्यात जाऊबाई आत आल्या आणि रिकाम्या मिक्सरकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "वाळवतेय." मिक्सर पंख्यानं वाळवणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल, पण काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, हेच मला लागलं.

सगळ्यात सोपं काय होतं? त्यांच्या मशीनला हात लावून बघायचं. तेही केलं. कात्री घ्यायच्या निमित्तानं वाकले आणि बोटं मशीनकडे नेली. त्यांनी झटकन पायडल सोडलं. "दोरा तुटला," म्हणाल्या. दोरा मला चांगला धड दिसत होता. दुसऱ्यांदा गेले तर बॉबिन संपली. कळलंय यांना, मी मनात म्हटलं. माझं काय चाललंय ते जाऊबाईंना कळलंय आणि माझी लाज राखायला त्या मशीन बंद करतायत.

आणि एकदा असं डोक्यात बसल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. पडद्यांच्या लांब सरळ कडा त्या माझ्याकडे सरकवायच्या आणि कोपरे, चुण्या, नाजूक काम... तेसुद्धा माझ्याकडे नाही हं, ते म्हणायच्या नंतर बघू. स्वतः नुसती लहान लहान कामं घेऊन बसायच्या. मी म्हटलं, बघ, तुला पोरीबाळींचं काम देतायत, सरळ रेघा. पूर्वी आम्ही टेबलावरच चहा प्यायचो, एकमेकींची उणीदुणी काढत. आता त्या कप घेऊन स्वयंपाकघरात जायच्या. माझ्याकडे बघवत नसेल. काम नसलं की हात टेबलाखाली मांडीवर घेऊन गप्प बसायच्या. कीव करतायत माझी, मी म्हटलं, आणि कुणी कीव केली की माझ्या डोक्यात राख जाते. जाऊबाईंनी केली तर विचारूच नका.

एका दुपारी त्यांनी मशीन थांबवलं, माझं लक्ष जाईपर्यंत वाट बघितली आणि म्हणाल्या, "धाकटे, तू लेकीकडे का जात नाहीस?"

"गेल्याच वर्षी गेले होते की."

"तसं नव्हे. राहायला."

"किती दिवस?"

"दिवस कसले? राहायला म्हणजे राहायला. ती बोलावतेच आहे. नातू आहे. इथं काय ठेवलंय?"

"आणि काम?"

"कमी करू. बंद करू. मी काय, माझं एकटीचं निभेल."

बस्स. माझा तोल गेला.

आता माझ्या भांडणाची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. भांडताना मी डोळे गच्च मिटते किंवा मान फिरवते. म्हणजे समोरचा काय बोलतो ते मला कळत नाही आणि माझं बोलणं पुरं होतं. बहिरेपणाचा तेवढाच एक फायदा, तो मी पुरेपूर घेते. माझा नवरा बिचारा उत्तरं कागदावर लिहून माझ्या नाकासमोर नाचवायचा.

तर मी मान फिरवली आणि सुरू झाले. "म्हणजे मी नकोशी झाले! बोला ना स्पष्ट! इतकी वर्षं या घरात राबले, तुमच्या दुखण्याखुपण्यात उशाशी बसले, आणि आता माझ्यात खोट दिसली तर चालती हो? लेकीच्या गळ्यात मला बांधून मोकळ्या होताय? तिला तरी कशाला हवी असली म्हातारी? आणि कामाचं मला सांगू नका. अजून मी डोळे मिटून तुमच्यापेक्षा सरळ शिवीन! जायचंच तर वाटणी घेऊन जाईन. माझ्या माहेरचं मशीन माझं, ते मी नेणार!"

माझ्या माहेरचं मशीन म्हणजे जाऊबाई चालवतात ते. लग्नानंतर अदलाबदल केली होती, त्यांच्या हाताला ते बरं बसायचं म्हणून. मी टेबलाला वळसा घालून गेले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, जाऊबाई उठायला बघतायत, मान हलवतायत, काहीतरी म्हणतायत. मी बघितलंच नाही. दोन्ही हातांनी मशीन धरलं आणि उचललं.

खाली चार रबराचे तुकडे होते. जाडजूड, चौकोनी, चारी कोपऱ्यांना एकेक, त्यावर फुलांची नक्षी. ते माझ्या न्हाणीघरातल्या चपलेचे होते. ती चप्पल मी आठवडाभर शोधत होते.

मी मशीन हातात धरून तशीच उभी राहिले. रबर. मशीन आणि फळी यांच्या मधे रबर. म्हणजे त्यांचं मशीन टेबलापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणजे माझ्या हातांना कळत नव्हतं ते कळण्यासारखं काही नव्हतंच म्हणून!

मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. मशीन धाडकन खाली ठेवलं. स्वतःच्याच हातांचे पापे घेतले, खुळ्यासारखे, एकदा डाव्याचे, एकदा उजव्याचे. हसत होते आणि नाक पुसत होते. "माझे हात धड आहेत! अहो, धड आहेत! रबर होतं!" मग एकदम राग आला आणि मी त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला काय खूळ लागलं होतं? चपलेनं टेबल बंद केलंत? माझा जीव अर्धा झाला इथं!"

जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवरचा उजवा हात त्यांनी सावकाश वर आणला आणि फळीवर ठेवला.

माझा हात फळीवर होताच. मला आधी हाताला कळलं, मग मी बघितलं. त्यांचा हात थरथरत होता. अंगठा आणि पहिलं बोट, दोरा वळल्यासारखी एकमेकांवर फिरत होती, आपली आपण.

"पायही असाच करतो," त्या म्हणाल्या. "पायडलवर ठरत नाही. मशीन आचके देत चालतं. टेबलानं तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. दोरे आणायला म्हणून गेले ना मी, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेले होते."

"एकट्या?"

"एकटीच. डॉक्टर म्हणाले, हे जायचं नाही. औषधानं धरून ठेवता येईल, पण वाढत जाईल हळूहळू." त्यांचे ओठ नीट हलत नव्हते, मला दोनदा विचारावं लागलं. "मला थोडे दिवस हवे होते गं. कुणालाच ठाऊक नसलेले. तुझ्या तोंडावर ते दिसलं असतं ना, तर मग ते खरं झालं असतं. आणि तू मग इथंच अडकून पडली असतीस, माझं करत. म्हणून म्हटलं, लेकीकडे जा."

"आणि मी? मी समजले माझे हात गेले! त्या डॉक्टरणीनं 'अजून' म्हटलं होतं. मी रोज सकाळी उठून उशी चाचपत होते!"

त्यांनी डाव्या हातानं तोंड झाकलं. "अगं बाई," एवढंच मला बोटांमधून दिसलं. मग त्यांनी हात काढला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ, आलं नाही. मला वाटलं, तुला वाटेल टेबलच बिघडलंय."

"टेबल बिघडतं का कधी?"

"मला काय ठाऊक!" त्या रडायला लागल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना चारचौघांसमोर रडताना बघितलं होतं, असं माझ्या एकटीसमोर कधी नाही.

मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्याशी. आणि जे सांगायला नको होतं तेच आधी तोंडातून निघालं, माझी जीभ तशीच आहे. "जाऊबाई, मला आनंद झाला. आत्ता, मघाशी. तुमचा हात बघितला तेव्हासुद्धा थोडा उरला होता. की हे तुमचं आहे, माझं नाही."

मला वाटलं त्या हात काढून घेतील. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "झाला तर झाला," त्या म्हणाल्या. "मलाही झालाच की. तुझे हात धड आहेत म्हणून. आता घरात दोघींना मिळून तेच आहेत." आणि थोडं हसल्या. "आणि चप्पल मी नवी आणून देणार होते."

"देणार होतात म्हणे! आठवडाभर मी अनवाणी घसरत होते."

बाहेरून एक भाजीवाली दारात डोकावली, आम्हाला दोघींना रडवेल्या बघून निघून गेली. पडद्याचं कापड टेबलावरून घसरून जमिनीवर आलं, ते कुणी उचललं नाही.

जाऊबाईंनी माझ्या खांद्याला हात लावला, मी बघावं म्हणून. "धाकटे, एक काम करशील? दवाखान्यात त्यांनी हात धरला तेव्हा तो फार थरथरत होता, घरी असतो त्याहून जास्त. डॉक्टर म्हणाले, यात थोडी घबराटसुद्धा असेल. तेव्हापासून मी बसून बसून बघते. मला कळतच नाही, यातला आजार किती आणि भीती किती. आतून सगळं एकच वाटतं. तुला कळतं असलं काही. तू बघ."

मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि डोळे मिटले.

आधी नुसता गोंधळ. पिंजऱ्यातल्या पाखराला धरल्यासारखा. मी काही शोधलं नाही, घाई केली नाही. टेबलाशी मी जशी बसते तशी बसले. थोड्या वेळानं लक्षात आलं, थरथर सारखी नव्हती. भरत होती आणि उतरत होती. एकच असती तर एका चालीत राहिली असती.

"दोन आहेत," मी म्हटलं.

त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर दाबला गेला, म्हणजे पुढं सांग.

"एक जाड आहे, सावकाश. तळाशी. ती आपल्या चालीनं चाललीय, तिला कुणाचं पडलेलं नाही. आणि तिच्यावर एक बारीक आहे. घाईची. ती येते नि जाते. मी 'दोन' म्हटलं तेव्हा ती वाढली."

मी डोळे उघडले नाहीत. हात तसाच धरून बसले. अंगठ्यानं त्यांच्या मनगटावर हळूहळू चोळत राहिले, लहान मुलाच्या पाठीवर थोपटतात ना, तसं. बारीक थरथर कमी झाली, मग पुन्हा आली. त्यांच्या मनात काहीतरी आलं असणार. मग पुन्हा विरळ होत गेली. विरळ, आणखी विरळ. भरणं-उतरणं थांबलं. आता हातात एकच चाल होती, जाड, सावकाश, सारखी. मी वाट बघितली. ती जाईना. मी आणखी वाट बघितली, खूप. मला डोळे उघडायचेच नव्हते, कारण उघडले की सांगावं लागणार होतं.

शेवटी उघडले. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी जन्मभर त्यांच्या तोंडाकडे बघत आले तशा. एक अक्षर सुटू नये म्हणून.

"एक गेली," मी म्हटलं.

"कुठली?"

"बारीक. भीतीची."

"आणि दुसरी?"

माझी जीभ कधी अडखळत नाही. तेव्हा अडखळली. गेली म्हणून सांगावं, असं इतकं वाटलं, इतकं वाटलं! पण त्यांनी मला हात दिला होता, तो खोटं ऐकायला नव्हता दिला.

"आहे," मी म्हटलं. "ती आहे."

त्यांनी मान हलवली. जराशी, आपल्याशीच. "मोठी आहे?"

"फार नाही. पण हलायची नाही ती."

"बरं." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. खांदे वर गेलेले दिसले, खाली आलेले दिसले. "मग एकीशी निभवू. दोघींशी नसतं निभलं."

आणि मग, मी अजून सावरतेय तोवर, त्यांनी डावा हातही माझ्यासमोर धरला. तोवर त्याचा विषयच निघाला नव्हता. ओठ अगदी पुसट हलले. "हाही बघ."

मी तो घेतला. आणि तोही थरथरत होता! बारीक, घाईची थरथर, थांबेना. मी हात घट्ट धरला, तर ती वाढली. सैल सोडला, तरी तीच. त्यांचा हात आपला ऊबदार, जड, माझ्या तळव्यात निवांत पडलेला, आणि थरथर त्याच्या सगळीकडून. मग माझ्या मनगटांकडे माझी नजर गेली.

"जाऊबाई, हा धड आहे," मी म्हटलं. माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे. "यात काही नाही. हे जे होतंय ना, ही मी आहे. माझे हात कापतायत."

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. त्यांनी आपला उजवा हात, तो दोरा वळणारा हात, माझ्या हातांवर ठेवला आणि डोळे मिटले, मघाशी मी मिटले होते तसे. "थांब जरा. जाईल तीही."